ग्वाल्हेरचे आठ खोल्यांचे रेल्वे हॉटेल : तीन दिवसांचा मुक्काम

गेल्या वैशाखात धाकट्या भावाच्या मुलाची मुंज ग्वाल्हेरला होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला आमचा वाडा विकून आता १२ वर्षे झाली आणि भावाचा फ्लॅट दोन खोल्यांचा, त्यामुळे ८१ वर्षांच्या आत्याला घेऊन आपण वेगळे कुठेतरी उतरावे, हे मी पुण्याहून निघतानाच ठरवले होते. भावाने स्टेशनापासून पडाव भागाच्या बाजूला पायी दहा मिनिटांवर असलेल्या एका जुन्या हॉटेलात खोली बघून ठेवली. शाळेत जाताना त्या बंगल्याच्या फाटकावरून मी शेकडो वेळा गेले असेन. पण ज्या गावात आपले घर असते, त्या गावातल्या हॉटेलात आपला पाय कधी पडत नाही. या खेपेला तीन दिवस राहिले आणि इंग्रजी अमदानीत रेल्वेच्या प्रवाशांसाठी चालणारी हॉटेले कशी असतील, याचा थोडाफार अंदाज मला तिथे आला, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

हॉटेल चालवणाऱ्या कुटुंबाने नाव छापू नका अशी विनंती केली आणि ती मला मान्य आहे, कारण खोल्या आठच आहेत आणि लग्नामुंजींच्या दिवसांत त्या आधीच भरलेल्या असतात. ज्यांना खरोखर जायचे असेल त्यांनी स्टेशनाबाहेरच्या एखाद्या वयस्कर ऑटोवाल्याला ‘रेलवाला पुराना बंगला’ एवढे सांगावे. तो फाटकापर्यंत आणून सोडतो.

आमची गाडी रात्री पावणेअकराला यायची, ती पहाटे पावणेतीनला आली. एवढ्या उशिरा परक्या हॉटेलाच्या दारात उभे राहण्याची वेळ ज्यांच्यावर आली आहे, त्यांना तो प्रसंग वर्णन करून सांगायला नको. इथे मात्र फाटकावरचा दिवा चालू होता आणि रात्रपाळीचे भैया पायरीवरच उभे होते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो आत्याला चहा लागेल की नुसते पाणी, हा. ओळखपत्रे त्यांनी एका नजरेखालून घातली, नोंदवहीचे बाकीचे रकाने सकाळी भरू म्हणाले, सामान उचलले आणि दहा मिनिटांच्या आत आत्या अंथरुणावर आडवी झाली. खोलीतला माठ भरलेला होता, त्यावर ओले फडके घातलेले होते. आमची गाडी झाशीला किती वेळ अडकून पडली होती, हे त्या भल्या माणसाला माझ्यापेक्षा नेमके ठाऊक होते, कारण दर अर्ध्या तासाने तो मोबाइलवर गाडीचा ठावठिकाणा पाहत बसला होता.

ही सवय या घरात आली कुठून, हे समजायला थोडे मागे जावे लागते. आगगाडी येण्यापूर्वी या देशात साहेब लोकांची सोय डाक बंगल्यात होत असे. सडकेवर ठराविक अंतरावर सरकारी बंगला, त्यात एक खानसामा, आणि जेवणात बहुतेक कोंबडी. प्रवासी येताना दिसला की अंगणातली कोंबडी धरायची आणि तासाभरात ताटात वाढायची, म्हणून इंग्रजांनी त्या पदार्थाला ‘सडन डेथ’ असेच नाव ठेवले होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रुळांचे जाळे देशभर पसरले, तसा प्रवाशांचा ओघ सडकेवरून स्टेशनांकडे वळला. ज्या डब्यांतून चालत्या गाडीत पुढच्या डब्यात जाता येत नसे, त्यांतल्या प्रवाशांना गाडीत जेवणाचा डबा जोडून उपयोग नव्हता. म्हणून मेल गाड्या जेवणाच्या स्टेशनांवर पुरेसा वेळ थांबत, किती पाने लागतील ते गार्ड आधीच्या स्टेशनावरून तारेने कळवी आणि फलाटावरच्या उपाहारगृहात वाफाळते सूप तयार असे. ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर कंपनी आणि दक्षिणेत स्पेन्सर कंपनी या व्यवसायात नावाजलेल्या होत्या. ज्याला रात्र काढायची असे त्याच्यासाठी स्टेशनाच्या माडीवर रिटायरिंग रूम आणि स्टेशनाबाहेर हॉटेल. बंगाल नागपूर रेल्वेने तर पुरी आणि रांची येथे स्वतःचीच हॉटेले चालवली. मुंबईचे १८७१ चे वॉटसन हॉटेल किंवा १९०३ चे ताजमहाल हॉटेल ही या सगळ्यातली मोठी नावे. पण रोजच्या उतारूंचा भार वाहिला तो लहान गावांतल्या अशा बंगल्यांनी, ज्यांचा सगळा दिनक्रम गाड्यांच्या वेळापत्रकावर बेतलेला होता. गाडी पहाटे येत असेल तर चूल पहाटे पेटायची.

ग्वाल्हेरच्या वाट्याला हे जरा उशिरा आले. १८८१ साली आग्र्याहून इथपर्यंत रूळ आले. त्या मार्गासाठी जयाजीराव शिंद्यांनी इंग्रज सरकारला ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले होते. झाशीकडचा दुवा १८८९ साली जोडला गेला, तोपर्यंत इथे गाडी संपत असे आणि उतरलेल्या माणसाला गावात राहणे भाग होते. मुंबईकडून दिल्लीपर्यंत सलग रूळ झाल्यावर ग्वाल्हेर हे आग्र्याच्या वाटेवरचे एका मुक्कामाचे ठिकाण बनले : सकाळी उतरायचे, टांगा करून किल्ला, मानमंदिर, तानसेनाची कबर पाहायची, रात्री झोपायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढची गाडी धरायची. दरबारच्या मानकरी पाहुण्यांची व्यवस्था अर्थातच निराळी होती. त्यांच्यासाठी जयविलास राजवाड्याच्या शेजारी महाराजांचे अतिथिगृह होते, जे आज ताज समूहाचे उषाकिरण पॅलेस म्हणून चालते आणि आपल्या जागी सुंदरच आहे. जयाजीरावांचे चिरंजीव माधवराव महाराजांना तर आगगाडीचे वेडच होते. त्यांनी दोन फुटी रुळांची स्वतःची रेल्वे घातली, ती श्योपूरपर्यंत जवळजवळ २०० किलोमीटर धावायची, आणि जयविलासातल्या जेवणाच्या मेजावर ब्रँडी व सिगार घेऊन फिरणारी चांदीची गाडी आजही पाहुण्यांना दाखवतात. श्योपूरची गाडी २०२० पासून बंद आहे. माझ्या आजोबांनी त्या छोट्या गाडीवर गार्ड म्हणून नोकरी केली, म्हणून तिचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही.

आता खोलीकडे वळते. बंगला ग्वाल्हेरच्या फिकट वालुकाश्माचा आहे आणि छत दगडी पट्ट्यांचे, जमिनीपासून सोळा-सतरा फुटांवर. भिंती दीड हात जाड आहेत आणि छताखाली चारही बाजूंना दोरीने उघडझाप होणारी रोशनदाने, म्हणजे झरोके, आहेत. आम्ही होतो त्या दिवसांत बाहेर पारा ४४ च्या पुढे होता आणि दुपारी लू सुटली की फाटकापर्यंत जाणे नको वाटे. तरी संध्याकाळी चारपर्यंत आम्ही एसी लावला नाही. पश्चिमेच्या व्हरांड्याला वाळ्याचे पडदे बांधलेले असतात आणि दुपारी दर तासाला एक मुलगा त्यांवर पाणी मारतो. तो वास खोलीत आला की आत्या डोळे मिटून म्हणायची, “अगं, आपल्या वाड्याच्या चौकात उभी आहे असं वाटतंय.” दाराच्या वर भिंतीत पितळी कडे बसवलेले एक भोक आहे. त्यातून पंख्याची दोरी बाहेर व्हरांड्यात जात असे आणि तिथे बसून एक माणूस रात्रभर ती ओढत असे. दोरी घासून घासून कड्याची खालची बाजू कागदासारखी पातळ झाली आहे. बोट फिरवले की कळते.

सर्वांत जास्त वेळ मी थबकले ते न्हाणीघरात. त्याला दोन दारे आहेत, एक खोलीत उघडणारे आणि दुसरे मागच्या व्हरांड्यात. त्या काळी नळ नव्हते. जस्ताचे टब असत, भिस्ती मागच्या दाराने पाणी आणून भरत असे आणि लाकडी कमोडचे भांडे मेहतर त्याच दाराने नेत असे, म्हणजे पाहुण्याला यांपैकी कोणी दृष्टीस पडू नये. आता कमोड, शॉवर, गीझर सगळे आहे आणि मागचे दार कुलूपबंद आहे. पण त्या दाराचा दगडी उंबरा मधोमध दोन बोटे झिजून खोलगट झाला आहे. पुढच्या, साहेबाच्या दाराचा उंबरा मात्र अजून सरळ आहे. हॉटेलाच्या काकूंनी हा उंबरा बदलायला ठाम नकार दिला, असे त्यांच्या मुलाने जरा तक्रारीच्या सुरात सांगितले. मला काकूंचे मनापासून कौतुक वाटले. जुन्या इमारतींत आराम खुर्च्या आणि पितळी दिवे सगळेच जपतात, ज्यांच्या कष्टावर तो आराम चालायचा त्यांच्या पावलांची खूण कोणी जपत नाही.

या व्यवसायातले खरे कसब पाहायचे असेल तर दर्शनी दालनातल्या पाटीसमोर उभे राहावे. शाळेत असते तशी ही काळी दगडी पाटी, लाकडी चौकटीत, खडूने आखलेली. पहिल्या रकान्यात खोलीचा नंबर, दुसऱ्यात गाडीचा नंबर आणि दिशा, तिसऱ्यात गाडीची वेळ, चौथ्यात ‘जगाना’ आणि पाचव्यात ‘पोटली’. ‘जगाना’ म्हणजे पाहुण्याला किती वाजता उठवायचे, आणि ‘पोटली’ म्हणजे वाटेसाठी शिदोरी बांधून द्यायची की नाही. गाडीला उशीर होतो आहे असे दिसले की रात्रपाळीचा माणूस वेळेचा आकडा पुसून नवा लिहितो आणि त्यासरशी ‘जगाना’चा आकडाही पुढे सरकवतो. आम्ही होतो त्या रात्री तीन नंबरच्या खोलीची वेळ चारदा बदललेली मी पाहिली. काम संगणकावर होऊ शकते हे उघड आहे, आणि नोंदी संगणकावर आहेतही. पण जिन्यावरून उतरणाऱ्या पाहुण्याला, स्वयंपाक्याला आणि हमालाला एकाच नजरेत सगळे दिसते ते या पाटीमुळे.

हॉटेलाचा दिवसही गाडीच्या हिशेबाने मोजला जातो. तुम्ही ज्या वेळी याल तेव्हापासून २४ तास, मग ती पहाट असो की भर दुपार. आमच्या बाबतीत यातून एक घोळ झाला, त्याचा दोष हॉटेलचा नाही. भावाने खोली एका बुकिंगच्या संकेतस्थळावरून घेतली होती आणि तिथल्या नियमाप्रमाणे दिवस दुपारी बाराला सुरू होतो, म्हणून गुरुवारी पहाटे येऊन रविवारी पहाटे निघणाऱ्या आमच्याकडून चार दिवसांचे पैसे कापले गेले. मदत केंद्राला तीन वेळा फोन केला, प्रत्येक वेळी निराळे उत्तर मिळाले आणि पैसे काही मिळाले नाहीत. शेवटी काकूंनी वही काढली, गुरुवार ते रविवार बोटांवर मोजले आणि “आमच्या हिशेबी तीनच दिवस होतात हो” म्हणत एका दिवसाचे २,४०० रुपये माझ्या हातावर ठेवले. संकेतस्थळाने त्यातले कमिशन आधीच कापून घेतलेले असणार, हे लक्षात घेता काकूंना या व्यवहारात पदरमोडच झाली. म्हणून माझे सांगणे असे की थेट फोन करूनच खोली घ्यावी. दोघांच्या खोलीला न्याहारीसह २,४०० रुपये हा दर तिथे आहे आणि मिळते त्या मानाने तो मला रास्त वाटतो.

जेवणाबद्दल थोडे मोकळेपणाने लिहिते, कारण या प्रकारच्या हॉटेलांची कीर्ती किंवा अपकीर्ती स्वयंपाकघरानेच ठरत आली आहे. सध्याच्या मालकांचे आजोबा स्टेशनावरच्या उपाहारगृहात हिशेब ठेवायला होते आणि नंतर त्यांनी हा बंगला चालवायला घेतला, असे कुटुंबात सांगतात. त्यामुळे दोन स्वयंपाक शेजारी शेजारी नांदत आले आहेत. एकीकडे घरचा मराठी स्वयंपाक, दुसरीकडे रेल्वेचा. पहाटेच्या चहाबिस्किटांना इथे अजून ‘छोटी हाजरी’ म्हणतात, तो पाच वाजता दारावर टकटक करून येतो, आणि चहा किटलीत मुरलेला असतो, उकळलेला नसतो. शुक्रवारी रात्री मी रेल्वे मटण मागवले. हा रस्सा तिखटाला बेताचा, कारण तो मुळात पहिल्या वर्गाच्या साहेबासाठी केला जायचा, आणि त्यात शिर्क्याची (व्हिनेगरची) किंवा चिंचेची आंबट बाजू असते, कारण लांबच्या प्रवासात तो टिकायला हवा. इथे शिरका घालतात. बटाटे मोठे, मटण हाडासकट, वर तर्री जवळजवळ नाही. पहिल्या घासाला मला तो फिका वाटला, हे खरे. पावाबरोबर चार घास गेल्यावर मिरीचा आणि भाजलेल्या कांद्याचा स्वाद हळूहळू वर आला आणि मग मी वाटी पुन्हा भरून घेतली. कॅरामेल कस्टर्ड ॲल्युमिनियमच्या लहान वाट्यांत लावलेले असते आणि त्याची वरची काळसर साखर किंचित कडवट होईपर्यंत जाळलेली असते. बहुतेक ठिकाणी ती घाबरत घाबरत पिवळीच ठेवतात. कटलेट मात्र साधारण होते आणि सूप मी पुन्हा मागवणार नाही.

आत्या शाकाहारी आहे. तिच्यासाठी वेगळ्या ओट्यावर, वेगळ्या भांड्यांत वरण-भात, भरली वांगी आणि काकडीची कोशिंबीर झाली, आणि हे तिने विचारण्याआधीच काकूंनी आत नेऊन दाखवले. सोवळ्याओवळ्याचा तो जुना काळ मला परत यावा असे अजिबात वाटत नाही. पण प्रवासातल्या म्हाताऱ्या माणसाची धास्ती न विचारता दूर करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि आत्या त्या दिवशी नेहमीपेक्षा एक पोळी जास्त जेवली.

जुना काळ परत यायला नको म्हणते, कारण तो सगळ्यांसाठी सारखा नव्हताच. काकूंनी कपाटातून १९३८ ते १९४६ या वर्षांचे एक रजिस्टर काढून दाखवले. छापील रकाने आहेत : नाव, कोठून, कोठे, गाडी, वर्ग आणि शेवटी ‘नोकर किती’. इंग्रज प्रवासी आपला बेअरर आणि आपले अंथरूण बरोबर घेऊन फिरत, म्हणून हा रकाना. आणि त्यात एक, दोन, क्वचित तीन असे आकडे आहेत, पण त्या नोकरांचे नाव एकाही ओळीत नाही. वर्गाच्या रकान्यात पहिला आणि दुसरा हेच आकडे उतरत जातात, क्वचित ‘इंटर’, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला वर्ग, दिसतो. तिसरा मला कुठे आढळला नाही. बहुसंख्य हिंदुस्थान ज्या तिसऱ्या वर्गात बसून प्रवास करत होता, ज्याच्या हालांबद्दल गांधीजींनी १९१७ साली तळमळून लिहिले, त्याच्या वाट्याला मुसाफिरखान्याची फरशी आणि हिंदू पाणी, मुसलमान पाणी अशा वेगवेगळ्या घागरी होत्या. आपल्या मराठी माणसाने तर हॉटेलाचा विचारही केला नसता. फिरकीचा तांब्या, वळकटी, दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि “ग्वाल्हेरला कोणाकडे उतरायचे” याचे आधी पाठवलेले कार्ड, एवढ्यावर त्याचा प्रवास होई. माझ्या आजीने हयातीत एकदाही हॉटेलात रात्र काढली नाही. त्या रजिस्टरात १९४३ नंतर मात्र काही सह्या मोडीत आहेत. ते कोण होते कोण जाणे, पण आत्याने मोडी शिकलेली असल्यामुळे भिंग घेऊन ती अर्धा तास त्या पानांवर बसली आणि एका सहीपुढे ‘सहकुटुंब’ असे तिला वाचता आले, तेव्हा तिचा चेहरा उजळला.

हे एवढे चांगले असताना काही गोष्टी खटकल्या, त्या सांगितल्या नाहीत तर काकूंचेच नुकसान होईल. मागच्या बाजूच्या तीन खोल्यांना मुलाने प्लास्टरचे खोटे छत लावले आहे, त्याने रोशनदाने झाकली गेली आणि त्या खोल्या दुपारी भट्टीसारख्या तापतात. एसी बंद केला की दहा मिनिटांत जीव घुसमटतो. खोली घेताना पुढच्या पाचांपैकीच एक मागावी. गाद्या काथ्याच्या आणि फार टणक आहेत. आत्याच्या पाठीला दुसऱ्या दिवशी त्रास झाला तेव्हा वर एक जाड गोधडी टाकून दिली, पण मुळात गादीच बदलायला हवी. जिन्याला एकाच बाजूने कठडा आहे, त्यामुळे वयस्कर माणसांनी तळमजल्याचाच आग्रह धरावा. गीझरचे पाणी दुसऱ्याच्या आंघोळीला कोमट होते, जे वैशाखात चालून गेले, पौषात चालणार नाही.

आणि एक पाटी. दर्शनी दालनात, दगडी पाटीच्या बरोबर समोर, सोनेरी चौकटीत इंग्रजीत लिहिले आहे की एका युरोपीय राजपुत्राने या वास्तूत वास्तव्य केले होते. नाव नाही, साल नाही. मी मुलाला विचारले तेव्हा त्याने सरळच सांगितले की हेरिटेज हॉटेल म्हणून नोंदणी करायची आहे आणि पाहुण्यांना असे काही वाचायला आवडते. मला याचे वाईट वाटले. ज्या घरात नऊ वर्षांच्या मुक्कामांचे खरेखुरे रजिस्टर आहे, ज्याच्या उंबऱ्यावर भिस्त्यांची पावले उमटली आहेत, त्या घराने बिननावाचा राजपुत्र भिंतीवर टांगावा कशाला? रजिस्टरचे एखादे पान काचेखाली ठेवा, असे मी त्याला म्हटले. तो हो म्हणाला. काकू मागे उभ्या होत्या, त्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि काहीच बोलल्या नाहीत.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांना आणि चार-सहा तासच काढायचे असणाऱ्यांना मी या हॉटेलाची शिफारस करणार नाही. त्यांनी ग्वाल्हेर असो की दुसरे कुठलेही मोठे स्टेशन, रेल्वेची रिटायरिंग रूम पाहावी. ती हातातल्या तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळते, १२ तासांसाठीही घेता येते आणि सामान ओढत रस्ता ओलांडावा लागत नाही. झगमगीत लॉबी, पोहण्याचा तलाव किंवा रात्री अकराला पनीर टिक्का हवा असेल तर सिटी सेंटरकडे भरपूर नवी हॉटेले आहेत. पण आईवडिलांना घेऊन येणाऱ्या, एक-दोन दिवस किल्ला नीट पाहू इच्छिणाऱ्या, आणि ज्यांची गाडी आडवेळेला येते-जाते अशा कुटुंबाला याहून निश्चिंत जागा ग्वाल्हेरात मला माहीत नाही.

रविवारी आमची परतीची गाडी पहाटे एक वाजून पस्तीस मिनिटांनी होती. पाटीवर आमच्या खोलीपुढे ‘जगाना’ खाली साडेबारा लिहिलेले पाहून आम्ही नऊलाच झोपलो. मला जाग आली तेव्हा घड्याळात तीन वाजले होते. काळजात धस्स झाले, गाडी गेली असे समजून मी तशीच अनवाणी जिन्यापर्यंत धावले. खाली रात्रपाळीचे भैया पाटीसमोर खडू घेऊन उभे होते. “गाड़ी अभी आगरा से नहीं छूटी, दीदी,” ते हलक्या आवाजात म्हणाले, “अम्माजी को सोने दीजिए. मैं सवा चार बजे चाय लेकर आऊँगा.” पाटीवर साडेबारा पुसून सवाचार लिहिले होते. साडेबाराला त्यांनी दार वाजवले असते तर नियमाने ते बरोबरच ठरले असते आणि ८१ वर्षांची बाई फलाटावरच्या बाकड्यावर चार तास बसून राहिली असती. शिवाय आमचे २४ तास पावणेतीनलाच संपले होते. त्याचा विषय कोणी काढला नाही.

सवाचारला चहा आला, त्याबरोबर वर्तमानपत्रात बांधून वर सुतळी मारलेली पोटली आली. पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी सुटली. झाशी गेल्यावर आत्याने सुतळी सोडली, तेव्हा आत बटाट्याची सुकी भाजी, पुऱ्या, कैरीच्या लोणच्याची फोड आणि वेगळ्या पानात गुंडाळलेल्या चार दशम्या निघाल्या. तिने एक मोडून हुंगली आणि म्हणाली, “दुधातच भिजवल्यात गं.”